मॅन्युअल गाडीचं गिअर ऑइल घरी कसं बदलायचं

इंजिन ऑइल बदलायची आठवण सर्व्हिस सेंटरवाले दरवर्षी करून देतात, काचेवर पुढच्या किलोमीटरचं स्टिकरही लावतात. गिअरबॉक्सच्या तेलाचं मात्र कुणी नावही काढत नाही. गाडी लाखभर किलोमीटर पळते, थंडीच्या सकाळी पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना अडकू लागतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "क्लच प्लेट गेली असणार." क्लचवर खर्च करण्याआधी तेल बघायला हवं होतं, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

काम अवघड नाही. पाना धरता येतो, गाडीखाली सुरक्षित झोपता येतं आणि घाई करायची सवय नाही, एवढ्यावर सुट्टीच्या सकाळी ते निवांत होतं. पण त्याला एक क्रम आहे. तो मोडला तर दारात उभी असलेली चालती गाडी टो करून न्यावी लागते. म्हणून पुढचं सगळं एकदा शेवटपर्यंत वाचा आणि मगच पान्याला हात घाला.

१. आपला गिअरबॉक्स कोणता, ते आधी ओळखा

हा लेख पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या, हाताने गिअर टाकायच्या छोट्या गाड्यांसाठी आहे. स्विफ्ट, वॅगनआर, आय-१०, टियागो या जातीच्या. या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) एकाच खोक्यात असतात आणि दोघांना एकच तेल लागतं.

बोलेरो किंवा ईको असेल तर ताकद मागच्या चाकांना जाते. तिथे गिअरबॉक्स वेगळा आणि मागच्या धुऱ्यातलं डिफरन्शियल वेगळं. दोन्हीकडे बहुधा दोन वेगळ्या प्रकारचं तेल लागतं. एकाच डब्यातलं दोन्हीकडे ओतू नका.

एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत क्लच पेडल नसलं तरी आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. मारुती त्याला एजीएस म्हणते, २०१४ मध्ये सेलेरिओसोबत तो आला. त्याचं गिअर ऑइल मॅन्युअलसारखंच बदलतं, पण गिअर आणि क्लच हलवणारं जे हायड्रॉलिक यंत्र वर बसवलेलं असतं, त्याचं तेल वेगळं आणि त्याची टाकीही वेगळी. त्याला घरी हात लावू नका.

सीव्हीटी, डीसीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरवाली या ऑटोमॅटिकच्या तिन्ही प्रकारांच्या बाबतीत पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे बहुधा तेलाची पातळी ठरावीक तापमानाला मोजायची असते. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून आणि स्कॅनर जोडून. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल गेलं तर आतला धातूचा पट्टा घसरू लागतो, आणि पुढची दुरुस्ती गाडीच्या किमतीकडे बघत करावी लागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत खालचा नट काढला तरी बरंचसं तेल कन्व्हर्टरमध्येच (क्लचच्या जागी असलेल्या, तेलाने भरलेल्या खोक्यात) अडकून राहतं, एका वेळी सगळं बदलत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या आणि बिल जपून ठेवा.

२. तेल : सगळ्यात जास्त घोळ इथे होतो

दुकानात जाऊन नुसतं "गिअर ऑइल द्या" म्हणालात तर समोर बहुधा 'नव्वद नंबर'चा डबा येईल. जुन्या जीप, ट्रक, ट्रॅक्टर यांच्यासाठी ते तेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तुमच्या गाडीला ते चालेल असं नाही.

डब्यावर दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे दाटपणा : ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९० असा आकडा असतो. नव्या छोट्या गाड्यांना पातळ तेल लागतं. जाड घातलं तर थंड गाडीत गिअर जड जातो आणि थोडं मायलेजही खातं. दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे दर्जा : जीएल-४ की जीएल-५.

पाचचा आकडा मोठा म्हणून ते तेल भारी, असा समज सगळीकडे आहे. दुकानदारही तसंच सांगतात. तसं नाही. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरजवळ एक सिंक्रो रिंग असते, बहुतेक वेळा पितळेसारख्या मिश्रधातूची. तुम्ही गिअर टाकता तेव्हा ही रिंग फिरणाऱ्या गिअरवर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच दात एकमेकांत बसतात. म्हणजे तिला काम करायला घर्षण हवं असतं. जीएल-५ हे मुळात मागच्या धुऱ्यातल्या हायपॉइड गिअरसाठी बनवलेलं तेल. त्या गिअरचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात, म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ पेक्षा साधारण दुप्पट असतात. हे मिश्रण सिंक्रोला हवं असलेलं घर्षण मिळू देत नाही, गिअर टाकताना कर्र आवाज येऊ लागतो. त्यातली काही द्रव्यं गरम झाल्यावर पितळेला खातातही. तेव्हा गाडीसोबतच्या पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च घ्या. काही डब्यांवर 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही छापलेलं असतं. पहिल्यांदा करताना त्या फंदात पडू नका.

काही कंपन्या या आकड्यांच्याही बाहेर जातात. होंडाच्या मॅन्युअल गाड्यांना त्यांचं स्वतःचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल) लागतं, ते मिळालं नाही तर तात्पुरतं इंजिन ऑइल चालेल असंही त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, नव्वद नंबर मात्र नाही. म्हणून गाडीसोबत आलेलं ओनर्स मॅन्युअल उघडा. शेवटच्या पानांत 'तेल आणि क्षमता' असा तक्ता असतो. त्यात दाटपणा, दर्जा आणि किती लिटर हे तिन्ही मिळतं. छोट्या गाड्यांत साधारण दोन ते अडीच लिटर बसतं. एक लिटरचे तीन डबे आणा. पाव लिटरसाठी गाडी अर्धवट उघडी टाकून दुकान शोधत फिरण्यापेक्षा ते बरं.

डबा सीलबंद आहे ना, झाकणावरची रिंग तुटलेली नाही ना, हेही बघा. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत नेहमीचं दुकान असेल तर तिथूनच आणा आणि बिल मागा.

३. सामान

- गिअर ऑइल, पुस्तकात दिलंय त्याच दर्जाचं
- दोन्ही नटांचे नवे वॉशर (तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे)
- ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँडची जोडी, शक्यतो दोन जोड्या
- चाकांना अडवायला लाकडी ठोकळे किंवा चांगले मोठे दगड
- रॅचेट, सॉकेट, तुमच्या नटाला बसणारा पाना आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना)
- नरसाळं आणि दीडेक मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी
- तेल झेलायला चार-पाच लिटरचं पसरट घमेलं
- जुनं तेल भरायला झाकणाचा रिकामा कॅन
- हातमोजे, डोळ्यांना चष्मा, चिंध्या, जुनी वर्तमानपत्रं, लाकडाचा भुसा
- वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, बॅटरी (टॉर्च)

नटाचं डोकं प्रत्येक कंपनीचं वेगळं. कुठे बाहेरून सहा कोनी, कुठे आत चौकोनी खाच, कुठे ॲलन कीची खाच. चौकोनी खाचेत बऱ्याचदा रॅचेटचं टोकच थेट बसतं. आदल्या दिवशी गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात नीट बघून घ्या आणि पाना बसवून पाहा. बारा कोनी पाना घट्ट नटावर घसरतो आणि डोकं गोल करतो. सहा कोनी सॉकेटच वापरा.

ज्या नटांना वॉशर नसतो त्यांच्या आट्यांवर सीलंट लावलेलं असतं. तुमचा तसा निघाला तर तेलाला टिकणारं सीलंटही आणून ठेवा.

४. जागा आणि गाडी उचलणं

या कामात जिवाला धोका असलेली जागा ही एकच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलायला असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, छाती, हात, काहीही घालायचं नाही. 'दोनच मिनिटं' म्हणूनही नाही. ट्रॉली जॅकचं सील गेलं तर गाडी सावध न करता खाली येते. विटांवर किंवा सिमेंटच्या ब्लॉकवरही गाडी टेकवू नका. ते भार सांभाळताना अचानक फुटतात.

जमीन सपाट आणि कडक हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतार असतो, तो नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहा. डांबर उन्हात मऊ पडतं, पेव्हर ब्लॉक खचतात, अशा ठिकाणी स्टँडखाली जाड प्लायचे तुकडे ठेवा. सोसायटीत तेल सांडलं तर पुढचे सहा महिने बोलणी खावी लागतील, म्हणून खाली पुठ्ठे अंथरा. गावाकडे अंगण असेल तर सोनंच.

आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा. कोमट तेल पातळ होतं आणि गाळ घेऊन खाली येतं. लांबच्या प्रवासावरून आल्या आल्या मात्र सुरू करू नका, सायलेन्सरच्या पाइपने हात भाजतो.

मग हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावून पुढचा भाग उचला आणि स्टँडवर टेकवा. टेकवल्यावर गाडीला बाजूने हात लावून जोरात हलवून पाहा. जराही डुगडुगली तर खाली घेऊन पुन्हा उचला. स्टेपनी काढून दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड दगा देणार नाहीच, पण दिलाच तर गाडी स्टेपनीवर थांबेल. घरातल्या कुणाला तरी "मी गाडीखाली आहे" हे सांगून ठेवा.

५. दोन नट शोधा

बहुतेक छोट्या गाड्यांत बॉनेट उघडून समोर उभं राहिलं की इंजिन एका बाजूला आणि त्याला चिकटून गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला दिसतो. दोन्ही पुढच्या चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट ज्या खोक्यात शिरतात तो गिअरबॉक्स. खाली प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं कव्हर असेल तर ते आधी काढावं लागेल.

त्याच्या अगदी तळाशी असतो तो ड्रेन नट. बाजूला, साधारण मध्यावर असतो तो फिलर नट, तेल भरायचा आणि पातळी बघायचाही.

इथे दोन सापळे आहेत.

नवख्या माणसाकडून हमखास इंजिनचाच ड्रेन नट उघडला जातो. मग इंजिन कोरडं, आणि आधीच भरलेल्या गिअरबॉक्समध्ये वर आणखी दोन लिटर. ओळखायची खूण अशी : इंजिनचा नट तेलाच्या सम्पला (इंजिनच्या तळच्या तेलाच्या भांड्याला) असतो, ऑइल फिल्टरच्या जवळपास. शिवाय बाहेर आलेलं तेल काळंकुट्ट असेल तर लगेच नट परत बसवा. गिअर ऑइल जुनं झालं तरी बहुधा तपकिरी असतं आणि त्याला गंधकाचा उग्र, नाक धरायला लावणारा वास असतो.

दुसरा सापळा कमी लोकांना माहीत आहे. गिअरबॉक्सच्या अंगावर आणखीही नट दिसतात. वायर लागलेला असेल तो रिव्हर्स लाइटचा स्विच. काहींच्या मागे स्प्रिंग आणि लोखंडी गोळी असते, गिअर जागेवर धरून ठेवण्यासाठी. तो नट उघडला तर स्प्रिंग-गोळी बाहेर येते आणि काम भलतंच वाढतं. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलं (मेकॅनिकसाठीच्या दुरुस्तीच्या पुस्तकातलं) चित्र समोर ठेवा, आणि शंभर टक्के खात्री झालेल्या दोन नटांनाच हात लावा.

६. आधी फिलर नट, मग ड्रेन नट

या लेखातली एकच ओळ लक्षात राहणार असेल तर ही राहू दे.

खालचा नट उघडून सगळं तेल काढून टाकलं आणि मग कळलं की वरचा गंजून बसलाय, हलतच नाही, तर गाडी तिथल्या तिथे अडकली. तेलाशिवाय ती गॅरेजपर्यंतही चालवता येत नाही. म्हणून आधी फिलर नट सैल करायचा. नाही सुटला तर काहीच बिघडलेलं नाही. आत जुनं तेल आहे, गाडी खाली घ्या आणि सरळ मेकॅनिककडे चालवत न्या.

नटाभोवतीची माती वायर ब्रशने काढा, नाहीतर ती आतच जाईल. स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. पाना पूर्ण आत बसल्याची खात्री करा आणि एकसारखा जोर लावा, झटके देऊ नका. गिअरबॉक्सची खोकी ॲल्युमिनियमची असतात, आटे गेले तर नवे पाडून घ्यावे लागतात. आणि जोर नेहमी असा लावा की पाना सटकलाच तर हात मोकळ्या हवेत जाईल, पत्र्यावर नाही. फिलर उघडताना थोडं तेल ओघळलं तर घाबरू नका, आत तेल आहे एवढाच त्याचा अर्थ.

७. तेल काढा आणि त्याच्याकडे नीट बघा

घमेलं खाली ठेवा. ड्रेन नट पान्याने सैल करा, शेवटचे आटे हाताने सोडवा आणि आत दाबून धरत एकदम बाजूला घ्या. धार सुरुवातीला लांब उडते, घमेलं त्या अंदाजाने सरकवून ठेवा. अर्धा तास टपकू द्या.

तेवढ्या वेळात नट पुसा. बऱ्याच ड्रेन नटांना आतून चुंबक असतं. त्यावर काळपट-करडा, बोटांत मऊ लागणारा लेप असेल तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. टोकदार कण, चकत्या, दाताचा तुकडा दिसला तर आत काहीतरी तुटलंय. नवं तेल भरा, गाडी मेकॅनिकला दाखवा आणि तो तुकडा डबीत घालून सोबत न्या. तेलात पिवळसर चमक दिसली तर ती सिंक्रोच्या पितळेची. थोडी चालते. सोनेरी रंग टाकल्यासारखं दिसत असेल तर सिंक्रो घासलेत.

तेल दुधाळ, कॉफीसारखं निघालं तर आत पाणी गेलंय. गेल्या पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली होती का, आठवा. गिअरबॉक्सला वर श्वास घ्यायची एक छोटी नळी असते. गरम खोकं अचानक थंड पाण्यात बुडालं की आत हवा आकसते आणि नळीतून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. असं तेल निघालं तर नवं भरून शे-दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा एकदा बदला, कारण पहिल्या खेपेत सगळं पाणी निघत नाही. किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, पुरात अडकलेल्या गाडीचं गिअर ऑइल बघायलाच हवं.

किती तेल निघालं ते मापून लिहून ठेवा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं तर कुठून तरी गळतंय. ड्राइव्ह शाफ्ट जिथे शिरतात तिथली सीलं ओली आहेत का ते आत्ताच बघून घ्या.

८. नवं तेल भरणं

ड्रेन नटाला नवा वॉशर घाला. जुना वॉशर एकदा चेपला की पुन्हा नीट बसत नाही. नट आधी हाताने पूर्ण फिरवा. हाताने सरळ जात नसेल तर आटे तिरके लागलेत, काढून पुन्हा लावा. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच. पाइप लावून लांब केलेला पाना वापरू नका.

फिलरच्या भोकात डब्यातून थेट ओतता येत नाही, तिथे जागाच नसते. बॉनेट उघडा, नळी इंजिनच्या बाजूने खाली सोडा, तिचं टोक फिलरच्या भोकात दोन-तीन बोटं आत सरकवा आणि वर नरसाळं लावून हळूहळू ओता. नळी कुठेही मुडपू देऊ नका आणि गरम पाइपला टेकू देऊ नका. थंडीत तेल फारच सावकाश उतरतं. डबे आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवले तर काम निम्म्या वेळात होतं.

पातळीचा नियम बहुतेक गाड्यांत सोपा आहे : फिलरच्या भोकातून तेल बाहेर ओघळू लागलं की थांबायचं. पण तो नियम गाडी चारही बाजूंनी सपाट असेल तरच खरा. फक्त पुढून उचललेल्या गाडीत गिअरबॉक्स तिरका असतो, आणि ओघळलेलं तेल खोटं सांगतं. दोन जोड्या स्टँड असतील तर चारही कोपरे सारख्या उंचीवर टेकवा. नसतील तर पुस्तकातल्या मापाइतकं मोजून भरा, फिलर नट हाताने लावा, गाडी खाली घ्या, आणि चाक पूर्ण वळवून बाजूने हात पोचतो का बघा. नट काढून करंगळी आत घालून खाली वाकवायची. तेल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे.

जास्तीचं तेल चांगलं नसतं. ते फेसाळतं, गरम होतं आणि सीलमधून वाट काढतं. कमी असेल तर वरच्या बेअरिंगना पोचत नाही. काठाबाहेर ओघळत असेल तर ओघळून थांबू द्या, मगच नवा वॉशर घालून फिलर नट घट्ट करा.

९. चालवून बघा

सगळं पुसून कोरडं करा, म्हणजे नंतरची गळती लपणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून पाच मिनिटं ठेवा, मग रिव्हर्ससह सगळे गिअर टाकत दहा-पंधरा किलोमीटर फिरवा. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग नसेल आणि दोन्ही नट कोरडे असतील तर खालचं कव्हर बसवा.

गिअर सकाळच्या थंडीत जास्त सहज पडेल, हा फरक बहुतेकांना पहिल्याच दिवशी कळतो. झिजलेली सिंक्रो रिंग किंवा बिघडलेला क्लच मात्र तेलाने बरा होत नाही. कर्र आवाज आधीपासून असेल आणि नव्या तेलानंतरही राहिला, तर दुखणं दुसरं आहे.

तारीख, किलोमीटर आणि तेलाचं नाव सर्व्हिसच्या वहीत लिहा. पुढच्या खेपेचा आकडा पुस्तकातून घ्या. बऱ्याच गाड्यांत तो ४० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान असतो. घाटातला रोजचा प्रवास किंवा भरलेली गाडी असेल तर अलीकडचा आकडा धरा.

१०. जुनं तेल

गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात ते टाकायचं नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं, आणि गावात ते विहिरीपर्यंत झिरपतं. कॅनमध्ये भरून, झाकण लावून, वर 'जुनं गिअर ऑइल' असं लिहून ओळखीच्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडे पिंपात साठवून अधिकृत रीसायकलरला देण्याची सोय आहे का, ते आधी विचारा. त्यात पाणी, पेट्रोल किंवा कूलंट मिसळू नका, मिसळलेलं तेल ते घेत नाहीत. तेलाने माखलेला भुसा आणि चिंध्याही वेगळ्या पिशवीत बांधून तिथेच द्या, उन्हात गोळा करून ठेवू नका, त्या पेट घेऊ शकतात.